तीन भिंतींची खोली

प्रिय खारूताई,

परवा तू म्हणालीस, मावशी, तू फोनवर विषय बदलतेस, आता जे काय असेल ते लिहून पाठव. म्हणून लिहायला बसले आहे. 'बसले आहे' एवढं लिहितानाही बरं वाटलं, कारण आज दिवसभर बसले नव्हते. पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत, कागद मांडीवरच्या ट्रेवर आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर बादलीला दोष दे. तुझा प्रश्न साधा आहे. दुकान सोडून तुमच्याकडे कायमची राहायला येतेस की नाही, हो की नाही ते सांग. उत्तर एका शब्दाचं आहे हे मलाही कळतं. पण तुझ्या मावशीचं नमनालाच घडाभर तेल जातं हे तुला नवीन नाही, तेव्हा थोडा दम धर.

दुकानाची खबर म्हणशील तर तेच आहे आणि तसंच आहे. चार मजले भरून सोफे, खुर्च्या, पलंग आणि गाद्या, आणि आम्हाला मात्र बसायला मनाई. कंबरेला आधार हवा, मधूनमधून टेकायला हवं, पाय जमिनीला नीट लागायला हवेत, हे मी गिऱ्हाइकांना घसा कोरडा करून सांगते आणि माझ्याच पायांचे तुकडे पडलेले असतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यात आमच्या मजल्याला नवे साहेब आले आहेत. सगळे त्यांना भिंगरी म्हणतात, कारण ते चालत नाहीत, फिरतात. वयानं तुझ्याएवढे असतील, पण कानामागून आले आणि तिखट झाले. त्यांचं म्हणणं, मांडलेल्या खोल्या दर महिन्याला बदलायच्या, नाहीतर बघून बघून गिऱ्हाइकांचे डोळे मरतात. डोळ्यांचं माहीत नाही, आम्ही मरतो. परवा निळा सोफा डावीकडून उजवीकडे नेला, मग त्यांना वाटलं, डावीकडेच बरा होता. मी तो परत डावीकडे ढकलला. पूर्वी बोलले असते, आणि मग साहेब आठवडाभर माझ्या वाटेला गेले नसते. आता भांडायलाही ताकद लागते आणि ती मी संध्याकाळी घरचा जिना चढायला राखून ठेवते.

मांडलेल्या खोल्या तुझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. नवीन जोडप्याची खोली, लहान मुलाची खोली, अभ्यासाची खोली, पाहुण्यांची खोली. प्रत्येकीला तीन भिंती आणि चौथ्या बाजूला गिऱ्हाईक. खिडकीत कागदावर छापलेलं आकाश आणि त्यामागे ट्यूबलाइट, त्यामुळे आत कायम सकाळ. नळाला पाणी नाही, पुस्तकांना पानं नाहीत, टीव्ही पुठ्ठ्याचा. मागच्या आठवड्यात एका पोरानं मांडलेल्या बाथरूममध्ये खरोखरचं काम उरकलं आणि त्याची आई उलट मलाच म्हणाली, तुम्ही पाटी का लावत नाही. ताई गेल्यावर तू माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा शाळा सुटली की थेट दुकानात यायचीस आणि अभ्यासाच्या खोलीत बसून खरोखरचा अभ्यास करायचीस. लोक थांबून बघायचे. एका बाईंनी तर मला विचारलं होतं, ही मुलगी टेबलासोबत मिळते का. खोडरबर, बिस्किटं, रस्त्यात सापडलेली पिसं, सगळं तू तिथल्या खणांत लपवायचीस, आणि मग एखादं गिऱ्हाईक खण ओढून बघायला जायचं आणि अर्धं बिस्कीट हातात घेऊन उभं राहायचं. खारूताई हे नाव गादीवाल्या काकांनी तेव्हाच ठेवलं. काका अजून आहेत. गाद्या विकून विकून म्हातारे झाले, पण त्यांना स्वतःला रात्री झोप लागत नाही. म्हणून दुकानात सगळे त्यांना कुंभकर्ण म्हणतात आणि तेही ओ देतात. तुझी चौकशी रोज करतात.

आवाजाचं तुला काय सांगू, तू सगळं ऐकलेलं आहेस. रविवारी आमच्या मजल्यावर उभं राहिलं की माणसांच्या सगळ्या घरगुती कटकटी एकदम कानावर येतात. सोफ्याच्या रंगावरून भांडणारी जोडपी सोफ्यावरून भांडत नसतात. बाई म्हणते, हा रंग मळेल. नवरा म्हणतो, तुझ्या भावाची पोरं आली नाहीत तर नाही मळणार. मग ती मला विचारते, तुम्हीच सांगा, मळेल की नाही. आता मी त्या भावाला ओळखत नाही आणि त्याच्या पोरांनाही नाही, तरी मला मध्ये पडावं लागतं. दिवसभर हे ऐकून मी घरी यायचे आणि दारातच म्हणायचे, डोकं उठलंय, आता एक शब्द बोलू नकोस. तू बिचारी पुस्तकाचं पानसुद्धा हळूच उलटायचीस. तेव्हापासून तुझ्या मनात पक्कं बसलं की मावशीला शांतता लागते. तुझ्या जागी कोणीही असतं तरी हेच धरून चाललं असतं, कारण मी दुसरं काही बोलतच नव्हते.

परवा तू मला माझाच धडा ऐकवलास. 'हेच हवं' म्हणून हटून बसणारं गिऱ्हाईक आमचं डोकं खातं, पण नेलेलं सामान परत आणत नाही. 'चालेल' म्हणणारं गिऱ्हाईक गोड बोलतं, पटकन आटपतं, आणि थोड्याच दिवसांत तोच पलंग घेऊन दारात हजर होतं. म्हणून 'चालेल' ऐकलं की आम्ही मनातल्या मनात त्या पलंगाची जागा रिकामी ठेवतो. हे मीच तुला हसत हसत सांगायचे. आता तू विचारलंस, भिंतींना फिका हिरवा देऊ का, मी म्हणाले चालेल. पलंग खिडकीशी लावू का, चालेल. पुढच्या महिन्यात सामान आणायला गाडी सांगू का, चालेल. तेव्हा तू म्हणालीस, मावशी, तू मलाही चालेल म्हणतेस. आणि मी काय केलं, तर तुझ्या कुंडीतल्या झाडांची चौकशी केली. तू 'लिहून पाठव' म्हणून फोन ठेवलास ते बरंच केलंस, मी असते तर आपटला असता.

पण तुझा राग त्याच्याही आधीचा आहे. मागे मी आठवडाभर येऊन राहिले, तेव्हापासूनचा. मागची खोली तू माझ्यासाठी जिवाचं रान करून सजवली होतीस. अंगणापलीकडे, घरातल्या गडबडीपासून लांब, खिडकीला दुहेरी काच, जाड पडदे, दाराच्या खाली रबराची पट्टी, म्हणजे स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा ऐकू येऊ नये. तू दार लावून घेतलंस आणि म्हणालीस, बघ, येतंय का काही ऐकू. खरंच काही येत नव्हतं. इतकं नीट काम मी आमच्या दुकानातही पाहिलेलं नाही. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं, ते आता म्हणते. पण रोज सकाळी तू चहा घेऊन यायचीस आणि पलंग जसाच्या तसा. चादरीला सुरकुती नाही, उशीवर दुकानात पाडतो तशी हाताच्या कडेनं पाडलेली खळगी, कपडे पिशवीत, दात घासायचा ब्रशसुद्धा पिशवीत. जावईबापू म्हणाले, मावशी, तुम्ही खोलीत राहता की खोली मांडता? मी म्हटलं, हाताला सवय आहे हो, मांडलेल्या खोलीत माणसाची खूण दिसली की गिऱ्हाईक पुढे जातं. ते हसले, मीही हसले. तू हसली नाहीस. तुला वाटलं, मावशी पाहुण्यासारखी आली आणि पाहुण्यासारखी राहिली, तिला इथलं काही आपलं म्हणायचंच नाही. मी निघाले तेव्हा तू माझी पिशवी दारापर्यंत आणलीस आणि एवढंच म्हणालीस, काही विसरलीस का बघ, तसं तू काही बाहेर काढलंच नव्हतंस म्हणा. ते मला बसमध्ये बसेपर्यंत लागत होतं, आणि बस सुटल्यावर जास्त लागलं.

आता गेल्या मंगळवारी काय झालं ते सांगते. एक मुलगा आणि सून आपल्या आईला घेऊन दुकानात आले. माणसं चांगली होती हे आधीच लिहिते, नाहीतर तू सुतावरून स्वर्ग गाठशील. आईला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली द्यायची होती. तिला खाली पोरांचा दंगा नको, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास नको, असं सून मला पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि मनापासून सांगत होती. आजींना पलंग दाखवला, त्या म्हणाल्या चालेल. दुसरा दाखवला, तोही चालेल. कपाट चालेल, दिवा चालेल. मी मनात म्हटलं, झालं, हे सगळं परत येणार. मग मुलगा आणि सून गादी बघायला काकांकडे गेले आणि आजी पाहुण्यांच्या खोलीतल्या खुर्चीत टेकल्या. मी पलंगावरच्या उशा सारख्या करत होते. आजी बाहेर बघत होत्या, म्हणजे ज्या बाजूला भिंत नाही त्या बाजूला. एक पोरगं सामानाच्या ढकलगाडीत बसून ओरडत गेलं. दोघी बहिणी पडद्याच्या कापडावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. भिंगरी फोनवर बोलत इकडून गेले आणि तिकडून आले. आजी म्हणाल्या, ही बरी आहे. मला वाटलं खुर्चीचं बोलतायत, म्हणून मी खुर्चीचं सांगायला लागले, तर म्हणाल्या, खुर्ची नाही हो, खोली. अशीच मिळेल का, एक भिंत नसलेली? मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, मुलाला सांगू नका हं, त्यानं एवढ्या हौसेनं ठरवलंय, त्याला वाईट वाटेल.

आम्हाला गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची परवानगी नाही. 'दुसरं काही दाखवते' असं म्हणायचं शिकवलंय. माझ्याकडे दुसरं दाखवायलाही काही नव्हतं. तेवढ्यात मुलगा आला, त्यानं हात देऊन आजींना उठवलं, गादी ठरली म्हणाला. आजी म्हणाल्या, चालेल. मी खुर्चीवरची उशी उचलून ठोकली आणि परत जागेवर ठेवली. पलंग शनिवारी पोचवायचा ठरला.

त्या दिवसापासून माझं कामात लक्ष नाही. आज एका बाईंना मी पलंगपोस म्हणून पडद्याचं कापड दाखवलं. गादीवाल्या काकांनी ते पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत मला गाठलं. मी त्यांना आजींचं सांगितलं, मग तुझ्या फोनचं सांगितलं. काका डबा खाता खाता म्हणाले, मग लिहा ना पोरीला. मी म्हटलं, काय लिहू? ते म्हणाले, आजी तुम्हाला बोलल्या आणि मुलाला नाही बोलल्या, ते. तुम्ही मला बोलताय आणि पोरीला नाही, ते. रात्र रात्र जागून माणूस शहाणा होतो की काय कोण जाणे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही गाद्या विका. पण संध्याकाळी घरी आल्यावर बादली भरली आणि कागद काढला.

तू नेहमी विचारतेस, पाय एवढे सुजतात तर दुकान सोडत का नाहीस. मी म्हणते, सवय झाली. सवय झाली हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. तू लग्न करून गेलीस आणि ह्या खोलीत माझा आवाज सोडून दुसरा आवाज राहिला नाही, आणि मी तर एकटीनं बोलत नाही. सुट्टीच्या दिवशी मी दार थोडं उघडं ठेवून बसते, जिन्यावरून कोण गेलं ते कळावं म्हणून. शेजारची बाई मला भोचक समजते. समजू दे. दुकानात दिवसभर कोणी ना कोणी भांडत असतं, कोणी पोराला रागावत असतं, कोणी मला विचारत असतं मळेल की नाही. त्यानं डोकं उठतं ते उठतंच, ते खोटं नव्हतं. पण ते घेऊन घरी आलं की रात्र निघते. नाहीतर मला भीती वाटते, खारूताई. चोराची नाही आणि आजारपणाचीही नाही. नुसती शांत खोली असली की वाटते. हे मी तुला कधी बोलले नाही, कारण ज्या मुलीनं माझ्यासाठी पान हळू उलटलं तिला काय तोंडानं सांगायचं की आवाज कर.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर पाणी गार होईल आणि मी उठून जाईन. त्या मागच्या खोलीतल्या पलंगाला सुरकुती नव्हती, कारण त्यावर मी झोपलेच नाही. एक रात्रही नाही. तुमचे दिवे मालवले की मी अंगणातून आत यायचे, मागचं दार तू माझ्यासाठी उघडंच ठेवायचीस, आणि मधल्या खोलीत इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग सरकवून त्या जुन्या सोफ्यावर आडवी व्हायचे, आणि उजाडायच्या आत परत जायचे. तिथे तुझं खोकणं ऐकू येतं. जावईबापू झोपेत ऑफिसातल्या कुणाला तरी झापतात, हेही मला तिथेच कळलं. एकदा तू अंधारातच पाणी प्यायला उठलीस आणि माझ्या उशाशी उभी राहून घटाघटा प्यालीस, मी पांघरुणाखाली श्वास रोखून होते आणि इतकं बरं वाटत होतं की मला हसू येत होतं. तेव्हा ऐक. मला यायचं आहे. मागची खोली नको, मला मधली हवी. तिला दार नाही, स्वयंपाकघरात जाणारा प्रत्येक जण माझ्या पायात अडखळेल. जावईबापूंची ती व्यायामाची सायकल बाहेर काढावी लागेल, इस्त्रीला दुसरी जागा बघावी लागेल, आणि सोफ्याची स्प्रिंग बरगडीत घुसते, म्हणून तो एवढ्या हौसेनं घेतलेला पलंग तुम्हाला अंगण ओलांडून आत आणावा लागेल. दोघांचीही अडचण होईल, मला ठाऊक आहे. मी जन्मभर कुणाची अडचण केली नाही, आता तुझी करायची आहे.

तुझीच, यापुढे पिशवीतले कपडे बाहेर काढून राहणारी,
मावशी